भिमाजीचा रुपया

भिमाजीच्या रुपयाला हात लावायचा नाही, हे लंकाबाईला लग्न होऊन घरात आल्या दिवशीच सांगितलं गेलं होतं. देव्हाऱ्यात खंडोबा, भवानी आणि घरातल्या गेलेल्या माणसांचे टाक होते, म्हणजे बोटभर उंचीचे चांदीचे पत्रे, त्यांवर ठशाने उठवलेली माणसं, कुणी घोड्यावर, कुणी जोडीने. त्या टाकांच्या मागे खणात बांधलेली एक पुरचुंडी असे आणि पुरचुंडीत एक रुपया. मिरजगावपासून दोन कोसांवरच्या त्या वस्तीत या घराण्याची रीतच तशी होती. कर्ता माणूस गेला की वर्षाच्या आत त्याचा टाक करून देवात बसवायचा, आणि ज्या चांदीचा टाक करायचा तिने कधी बाजार बघितलेला नसावा. दुकानाच्या गल्ल्यात, जुगाराच्या फडात, दहा जणांच्या कनवटीला फिरून आलेली चांदी देवात चालत नाही. म्हणून शहाणा माणूस आपल्या टाकाची चांदी जिवंतपणीच बाजूला काढून ठेवायचा.

भिमाजीने ती ठेवली होती. तरुणपणी तो नगरच्या छावणीत एका साहेबाच्या घोड्यांचं बघायचा. साहेब कायमचा विलायतेला निघाला तेव्हा त्याने भिमाजीच्या हातावर एक मखमली डबी ठेवली. आत नवाकोरा रुपया, पाचव्या जॉर्जचा, बावीस सालचा. डबी भिमाजीच्या बहिणीने कुंकवासाठी पळवली. रुपया त्याने खणात गुंडाळून देवामागे ठेवला आणि "ह्यो माझा" म्हणाला. पुढे आयुष्यभर त्याने ती गाठ सोडली नाही. लेकीच्या लग्नात नाही, बैल मेला तेव्हा नाही, की बहात्तरच्या दुष्काळात वस्तीची वस्ती खडी फोडायला गेली तेव्हाही नाही. त्याच दुष्काळाच्या हिवाळ्यात तो गेला.

वर्ष भरत आलं तशी भिमाजीच्या बायकोने, बनुबाईने, शेजारपाजारच्या सवाष्णी बोलावल्या. पुरचुंडी चार बायांसमोर सोडायची असते. मुलगा राधाकृष्ण ओसरीवर सुपारी कातरत बसला होता. तो नगरच्या कचेरीत कारकून, शनिवारी एस्टीने घरी यायचा. सून लंकाबाई हळदीकुंकवाचं ताट घेऊन उभी होती. बनुबाईने गाठ सोडली आणि हातातल्या रुपयाकडे बघत राहिली.

रुपया काळा पडलेला होता. घासून घासून गुळगुळीत झालेला, राजाला नाक राहिलं नव्हतं की डोळा. आंधळ्यानेही बोट फिरवून सांगितलं असतं, की हा जन्मभर बाजारच हिंडलेला आहे.

"ह्यो न्हवं," बनुबाई म्हणाली. "ह्यो त्येंचा रुपया न्हवं."

"मंग त्यो गेला कुठं?" कडूबाईने विचारलं. कडूबाई म्हणजे पलीकडच्या घरातली, जिभेला हाड नसलेली बाई.

बनुबाईने एकदा ओसरीकडे बघितलं, मग पदर सारखा केला. "मोडला असंल म्हाताऱ्यानं. तरनेपनी प्यायचा त्यो. गुत्त्यावर दिला असंल आनि मला फसवाया ह्यो बांधून ठिवला असंल."

ओसरीवरून राधाकृष्णाचा आवाज आला, अगदी समजूतदार. "जाऊ दे, आई. गेलेल्या माणसाबद्दल कशाला बोलायचं? सोनाराकडून चांदी विकत आणू. रीत काय, माणसांनीच केलेली असते."

आणि अडकित्ता पुन्हा वाजायला लागला.

लंकाबाईने ताट खाली ठेवलं. भिमाजी तरुणपणी प्यायचा ही गोष्ट खरी, पण प्यायचं सोडल्यालाही जमाना झाला होता, आणि सोडलेल्या दारूचा हिशेब मेल्यावर मागायचा ही कुठली रीत? लंकाबाई बाळंतीण होऊन तापाने फणफणली होती, सासू लेकीकडे गेलेली, नवरा नगरला. तेव्हा याच म्हाताऱ्याने चुलीपुढे बसून भाकरी थापल्या होत्या. वस्तीतली माणसं कुडाला तोंड लावून हसत होती. "हसू द्या," तो म्हणायचा, "त्येंचं दात तरी मोकळं हुत्यात." भाकरी वाकडी, एका बाजूने करपलेली, पण ती दुधात कुस्करून तो उंबऱ्यापाशी ठेवायचा आणि तोंड फिरवून खाकरायचा. सुनेला सासऱ्याची लाज वाटू नये म्हणून. असला माणूस देवाच्या नावाने ठेवलेला रुपया गुत्त्यावर देईल? लंकाबाईला ते खोटंच वाटलं. पण खरं काय हे तिला तेव्हा ठाऊक नव्हतं, म्हणून ती गप्प बसली.

कडूबाई मात्र गप्प बसणारी नव्हती. आठवडा उलटायच्या आत विहिरीवर, गिरणीवर, मिरजगावच्या बाजारात सगळीकडे झालं. भिमाजीने आपला टाक पिऊन टाकला. कुणी हसून सांगायचं, कुणी हळहळून. हळहळणारे जास्त वाईट.

पुढच्या रविवारी राधाकृष्णाकडे नगरचा इसहाक आला. मिशनच्या शाळेत मास्तर होता आणि राधाकृष्णासारखंच त्यालाही नाण्यांचं वेड होतं. हे वेड कसलं ते सांगितलंच पाहिजे. राधाकृष्णाची एक लोखंडी पेटी होती, आत लाकडी कप्पे, कप्प्यांना आतून मऊ फलाटिनीचं अस्तर. त्यात राणी व्हिक्टोरिया, टकल्या एडवर्ड, दोन्ही जॉर्ज ओळीने निजलेले. नाण्याला हात लावण्याआधी हा गृहस्थ साबणाने हात धुवायचा, फडक्याने पुसायचा आणि मग नाण्याला कडेनेच धरायचा, पोटाला बोट लागू द्यायचा नाही. बाप खोकून खोकून अर्धा होत होता तेव्हा त्याच्या छातीला तेल चोळायला याचे हात कधी निघाले नव्हते. पण नाण्यावर श्वास पडेल म्हणून हा बोलताना मान वळवायचा. पेटीची किल्ली करदोट्याला बांधलेली, अंघोळीलाही सुटायची नाही.

लंकाबाई चहा घेऊन गेली तेव्हा इसहाक डोळ्याला भिंग लावून एक रुपया बघत होता. उघड्या दारातून आलेलं ऊन त्या रुपयावर पडून छताला लागलं होतं.

"वहिनी, हे बघा," तो भल्या मनाने म्हणाला. "बावीस साली रुपये मुळातच थोडे पाडले. त्यात हा टांकसाळीतला नमुना. साहेब लोकांना दाखवायला ठसा आरशासारखा घासून एक-दोन पाडायचे, त्यातला. राजाच्या दाढीचा केस न केस मोजून घ्या. जगात कुणाच्या हाताला लागलेला नाही हा. तुमच्या सासऱ्यांचे उपकार, की त्यांनी असा जपला आणि मुलाच्या हवाली केला. पुण्याच्या प्रदर्शनात मी याला मधोमध ठेवायला लावणार आहे."

राधाकृष्णाने इसहाककडे बघितलं, मग बायकोकडे, मग चहाच्या कपाकडे. चहा गरम नसतानाही तो फुंकर घालत बसला.

लंकाबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण पाहुणा घरात होता, आणि पाहुण्याची काही चूक नव्हती. त्याला बिचाऱ्याला वाटत होतं, बापाने पोराला प्रेमाने दिला. तिने कप उचलले. इसहाकला एस्टीत बसवून नवरा परत आल्यावर मात्र ती दारातच उभी राहिली.

"त्यो रुपया मामंजींचा हाय."

"हळू बोल. आई मागे आहे."

"देवामागनं तुमी काढला. घासका ठिवला तुमी."

राधाकृष्णाने नाकारलं नाही. उलट समजावून सांगायला बसला, हीच त्याची खोड. "हे बघ, टाक कुठल्याही चांदीचा होतो. सोनार वितळवणार, ठोकणार, झालं. हा रुपया वितळला तर पुन्हा होणार नाही. असा दुसरा मी तरी पाहिलेला नाही. तुला त्यातलं कळायचं नाही."

"आनि बाप? त्यो पुन्हा हुनार हाय?"

"बापाचा काय संबंध?"

"सगळी वस्ती त्यांना दारुडा म्हनती, आनि तुमी ओसरीवर सुपारी कातरता. एक शबुद निघाला न्हाई तोंडातनं."

"मेलेल्या माणसाला काय फरक पडतो?" राधाकृष्ण म्हणाला. आणि खरंच, त्याला तसं वाटत होतं. चेहऱ्यावर लाज नव्हती, कंटाळा होता. त्या कंटाळ्याने लंकाबाईची उरलीसुरली माया आटली. चोरी केली ती केली, आणि वर शहाणपण शिकवतोय. ती वळून आत गेली. त्याला वाटलं, बायकोला पटलं.

सोमवारी किल्लीसकट तो नगरला गेला. त्याच दुपारी लंकाबाईने पेटीचं कुलूप बत्त्याने फोडलं, भर उजेडात, आवाज होऊ नये याची जराही काळजी न घेता. सासू ओसरीवर मटकी निवडत होती. कडी तुटून भिंतीवर आपटली तरी ती आत आली नाही. पेटीतल्या बाकी एकाही नाण्याला लंकाबाईने हात लावला नाही. ती काही चोर नव्हती. पाचव्या जॉर्जला मात्र तिने कडेने धरलं नाही. सरळ मुठीत घेतलं, घामेजलेल्या हाताने, घट्ट.

मिरजगावच्या रंगनाथ सोनाराने रुपया तळहातावर घेतला आणि उठून दाराशी उजेडात गेला.

"वहिनी, एवढा देखना रुपया मोडायचा? माझ्याकडं साधं हायेत. त्यातला एक घालतो, ह्यो तुमी परत घिऊन जावा."

"ह्योच."

"टाकात काय दिसनार हाय कुनाला, कुठला रुपया हुता त्ये?"

"ज्येचा टाक हाय त्येला दिसंल," लंकाबाई म्हणाली. "माझ्यापुढं वितळवा. मी बसते."

आणि ती बसली. सोनाराने भाता चालवला. मुशीत रुपया थोडा वेळ तसाच राहिला, मग राजाची दाढी लाल झाली, मुकुट बसला, आणि सगळं एका थेंबात गोळा झालं. लंकाबाईला वाटलं होतं, आपल्याला वाईट वाटेल, कारण रुपया खरंच सुंदर होता. पण तिला बरं वाटलं. इतकं बरं तिला महिनाभरात वाटलं नव्हतं. सोनाराने पत्रा ठोकला, ठशावर ठेवून माणूस उठवला. हातात काठी, डोक्याला पागोटं.

घरी येऊन तिने टाक सासूच्या हातात दिला. "रुपया मामंजींच्या जुन्या पागोट्याच्या घडीत सापडला," ती म्हणाली. हे खोटं तिने वाटेतच ठरवलं होतं. म्हातारीला पोराची करणी कळली तर ती मोडून पडेल, असं तिला वाटत होतं. "त्येंनी मोडला न्हवता, आत्याबाई. जपून ठिवला हुता."

बनुबाईने टाकाकडे बघितलं, मग सुनेकडे, बराच वेळ. "बरं झालं," ती म्हणाली आणि टाक तांदळात ठेवला.

लंकाबाई वाट बघत राहिली, की आता म्हातारी उठेल, पलीकडे जाईल आणि कडूबाईला सांगेल, माझा नवरा दारुडा नव्हता. बनुबाई उठली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. विहिरीवर कुणीतरी भिमाजीचं नाव काढून हसलं तेव्हा बनुबाई शेजारीच होती. तिने घागर उचलली आणि वाटेला लागली.

शनिवारी राधाकृष्ण आला. फुटलेलं कुलूप बघून तो आधी पेटीवर पडला, कप्पे चाचपले, आणि मग रिकाम्या फलाटिनीवर हात ठेवून तसाच बसला.

"कुठाय?"

"तांदळात. देवापुढं. परवा बसवायचाय."

तो पांढराफटक पडला. मग लाल झाला. त्याचा हात वर गेला, पण बाहेर आईची चाहूल लागली तसा खाली आला. "तुला अक्कल आहे का? पन्नास वर्षं त्याला कुणाचं बोट लागलं नव्हतं."

"व्हय. मामंजींनी लावलं न्हवतं म्हनून. आरडा की आता. आईला हाका मारा, सांगा काय गेलं तुमचं आनि कुठनं आनलं हुतं."

राधाकृष्णाने पेटीचं झाकण लावलं. याला म्हणतात तोंड दाबून बुक्क्यांचा मार. दोन दिवस तो घरात जेवला नाही. पोट बिघडलंय असं आईला सांगितलं. आईने ओवा दिला.

टाक बसवायच्या दिवशी सवाष्णींची पंगत आधी बसते आणि घरचा कर्ता देवाजवळ पाटावर बसतो. कडूबाईसकट सगळ्या आल्या. एकमेकींकडे बघत होत्या. कुठल्या चांदीचा केला असेल हा टाक? विकतच्या, दुसरं काय. बनुबाईने तांदळातून टाक काढून मुलाच्या हातात दिला. त्याने तो दूधपाण्याने धुवायचा, पुसायचा आणि इतर टाकांच्या ओळीत ठेवायचा. राधाकृष्णाने धुतला. पुसला. मग ठेवायच्या ऐवजी त्याने तो उलटा केला आणि डोळ्यांजवळ नेला. मागचा सपाट पत्रा तो निरखून बघू लागला. कुठे एखादं अक्षर राहिलंय, एखादी नक्षी, दाढीचा एखादा केस? तिथे काही नव्हतं. त्याचा खालचा ओठ हलला. आणि बाप गेला तेव्हा ज्याच्या डोळ्यांतून टिपूस निघालं नव्हतं तो हा माणूस चार बायांसमोर हुंदके देऊन रडायला लागला.

"माय गं," कडूबाई म्हणाली आणि पदर डोळ्यांना लावला. "किती केलं तरी बाप त्यो."

बनुबाईने पुढे होऊन लेकाचं तोंड आपल्या पदराने पुसलं. "रड, बाळा. रड. त्या वक्ती रडला न्हाईस, आता रड."

लंकाबाईला तिथे उभं राहवेना. ती चुलीपाशी गेली. आमटी उकळत होती, आणि तिच्या आतही तेच चाललं होतं. बापाच्या नावाने आता याला पुण्यही मिळणार. थोड्या वेळाने बनुबाई तुपाची वाटी न्यायला आत आली.

"आत्याबाई, त्ये बापासाठी रडत न्हाईत," लंकाबाई म्हणाली. थांबवूनही तिला थांबता आलं नसतं.

बनुबाई तुपाची वाटी पुसत होती. "मला ठाऊक हाय."

"काय ठाऊक हाय?"

"पेटी फोडलीस तवा मी ओसरीवरच हुते, लंके. बहिरी न्हाई झाले अजून. आनि त्यानं देवामागनं रुपया काढला त्येबी बघितलं हुतं मी. म्हातारा जित्ता हुता तवा. त्येंस्नी सांगितलं न्हाई."

लंकाबाईने पळी पातेल्यात सोडली. "ठाऊक हुतं, तरी चार बायांम्होरं मामंजींस्नी दारुडा म्हनलात?"

"मंग काय पोराला चोर म्हनू? त्येला चारचौघांत ऱ्हायाचंय. नोकरी हाय त्येची, कचेरीत मान हाय. मेलेल्याला काय लागतं, बाई? आपलंच दात, आपलंच व्हट. तू टाक केलास, बरं केलंस. आता झाकून ठेव. आमटी वाढाया घे."

मेलेल्याला काय लागतं. त्या माणसाचा पोरगा हेच म्हणाला होता, बायकोही हेच म्हणत होती. जन्मभर ज्यांच्यासाठी तो राबला, त्या दोघांनी मिळून त्याचं नाव उकिरड्यावर टाकलं होतं, आणि म्हातारीला त्याचं रडूही येत नव्हतं. नवऱ्याचा राग लंकाबाईला येऊन गेला होता. हा राग वेगळा होता. म्हातारीला जपण्यासाठी ती खोटं बोलली होती, आणि म्हातारी पहिल्यापासून सगळं जाणून बसली होती. भिमाजी असता तर म्हणाला असता, जाऊ दे पोरी, घरातली गोष्ट घरात ऱ्हाऊ दे. पण तो नव्हता. म्हणूनच तर हे सगळं चाललं होतं.

तिने आमटीचं पातेलं उचललं आणि बाहेर पंगतीत आली. पहिल्याच पानापुढे उभी राहून, वस्तीला ऐकू जाईल अशा आवाजात ती बोलली.

"मामंजींचा रुपया गुत्त्यावर गेला न्हवता. ह्येंनी देवामागनं काढून आपल्या पेटीत ठिवला हुता आनि त्या जागी घासका बांधला. आत्याबाईस्नी पहिल्यापास्नं ठाऊक हुतं. मी कुलूप फोडलं आनि सोनाराला दिला. ह्यो टाक त्याच रुपयाचा हाय. आता ह्ये रडत्यात त्ये बापासाठी न्हाई, त्या रुपयासाठी."

राधाकृष्ण पाटावर बसल्या बसल्या आईकडे बघायला लागला, लहानपणी बघत असेल तसा. बनुबाई आतल्या दारात तुपाची वाटी घेऊन उभी होती. तिने डोक्यावरचा पदर आणखी पुढे ओढला. लेकासाठी आता तिच्याकडे दुसरं खोटं शिल्लक नव्हतं.

कडूबाईने खाली बघत पोळीचा तुकडा मोडला. "लंके, त्या दिशी मी जे बोलले..."

"बोललात त्ये बोललात. आता जितं जितं बोललात तितं तितं जाऊन ह्येबी सांगा."

"सांगते," कडूबाई म्हणाली.

लंकाबाईने तिच्या वाटीत पळीभर आमटी घातली आणि पुढच्या पानाकडे वळली.